दुखण्याला वाचा फुटते तेव्हा



आपल्या मराठीतला 'दुखणे' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. दाढ दुखते, गुडघा दुखतो, आणि कुणी टाकून बोलले तर मनही दुखावते. शरीराच्या आणि मनाच्या व्यथेत आपल्या भाषेने फारसा भेद केलेला नाही. भेद केला आहे तो आपण माणसांनी. पाय मुरगळला तर शेजारीपाजारी तेलाची वाटी घेऊन धावतात. पण घरातले लेकरू गेले, उभे पीक बुडाले, किंवा लहानपणी मनावर एखादा घाव बसला, तर माणसे तेराव्यापर्यंत येतात आणि मग म्हणतात, "झाले गेले विसरा, कामाला लागा." विसरता तर येत नाही, आणि बोलायची सोय राहत नाही. अशा वेळी पुस्तकाचा काही उपयोग होतो का? होत असेल तर कसा होतो? एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार आज आपण करू.

पुस्तके घरोघर येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे याची एक व्यवस्था होती. ती म्हणजे जाते. पहाटे जात्याच्या खुंट्याला हात घातला की सासुरवाशीण ओवी म्हणू लागे. माहेरची आठवण, भावाने न केलेली चौकशी, नवऱ्याचा मार, दूध पिते गेलेले मूल. जे सासूपुढे बोलायची छाती नव्हती ते जात्यापुढे बोलता येई. जोडीला दळणारी जाऊ ते ऐके, आणि पुढची ओवी ती आपल्या दुःखाची घाली. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून 'स्त्री जीवन' या नावाने छापल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी चालवलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण बोलायची ती एक जागा मात्र गेली.

या जात्याच्या उदाहरणात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे, बरे का. दुखण्याला दोन गोष्टी लागतात. एक, त्याला नेमका शब्द मिळावा लागतो. आणि दुसरी, तो शब्द ऐकणारा कान लागतो. चांगले पुस्तक यातले पहिले काम करते. दुसऱ्याची वाट ते फार तर मोकळी करून देते. आता काही आपल्या ओळखीची पुस्तके या दृष्टीने पाहू.

'श्यामची आई' तुम्ही वाचलेले असेल. शिक्षकांनी तर ते वर्गात शिकवलेलेही असेल. गुरुजींची आई १९१७ साली वारली, आणि पुस्तकाचा बहुतेक भाग त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. म्हणजे आठवण सोळा वर्षे आत मुरत होती, आणि लिहायला बसल्यावर मात्र तिने उसंत घेतली नाही. आईच्या शेवटच्या घटकेला श्याम पोहोचत नाही, ही त्या पुस्तकातली खरी जखम. पण पुस्तकाची मांडणी पाहा. श्याम ही हकिकत एकटा बसून आठवत नाही. आश्रमातले सोबती रात्री भोवती बसतात आणि तो सांगतो. अशा बेचाळीस रात्री. एका बैठकीत सगळे संपत नाही, आणि ऐकणारेही घाई करत नाहीत. दुःख कसे सांगावे आणि कसे ऐकावे, याचा वस्तुपाठ त्या मांडणीतच आहे. आपण मात्र मुलांना विचारतो, "या पाठाचे तात्पर्य काय?" आणि वही तपासून मोकळे होतो!

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई काही शाळेत शिकलेल्या नव्हत्या. घरी बोलावे तसे त्यांनी लिहिले. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकिकत आहे. बाजारातून आलेली वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय त्यांना चालत नसे. घरातल्या माणसांचे त्यापायी फार हाल झाले. पण लक्ष्मीबाई नुसती तक्रार करत नाहीत. हे वेड आले कुठून, तेही त्या सांगतात. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचे मन असे बिघडले. आजचे डॉक्टर ज्याला मानसिक आघात म्हणतात, त्याचे इतके स्वच्छ वर्णन एका न शिकलेल्या बाईने त्या काळी करून ठेवले आहे. एकाला बसलेला घाव दुसऱ्याच माणसांना कसा छळतो, हे त्यातून कळते. हे कळले म्हणजे वडिलांचा जाच योग्य ठरतो असे नाही. पण "माझेच काहीतरी चुकले असेल", असे जे छळलेल्या मुलाला आयुष्यभर वाटत राहते, त्यातून ते मूल सुटते.

पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवरा-बायकोची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. एवढे सारे सोसलेली ही बाई लिहिताना वाचकाला पानोपानी हसवते. ते हसू दुःख लपवण्यासाठी आणलेले नाही. जखमेवर खपली धरली, ती पडून गेली, आणि आता त्या जागी बोट ठेवले तरी माणूस कळवळत नाही, तेव्हाचे ते हसू आहे.

पण प्रत्येकाला असे हसता येईलच, असे नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली आले. त्याआधी ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः छापले गेले होते. भूक, रोगराई, अस्पृश्यतेचा अपमान हे तर त्यात आहेच. पण सासरचा जाच सोसवेना म्हणून पळून गेलेल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवीत, हेही त्यांनी लिहिले. म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या समाजावर केलेला जुलूम त्यांनी सांगितला, आणि आपल्या घरातला जुलूमही झाकला नाही. बेबीताई छोटेसे दुकान चालवीत. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांची वाचनाची गोडी वाढली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत, आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेआड लपवून ठेवीत. अशी कितीतरी वर्षे गेली. भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आलेल्या आणि तिथल्याच होऊन गेलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी त्यांना छापण्याचा धीर दिला. पाहा, शब्द बेबीताईंजवळ होते. वर्षानुवर्षे अडून राहिले होते ते एका कानासाठी.

आणि कान मिळालाच नाही तर? दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघे एकच आहेत! शिकून सवरून शहरात वावरणारा माणूस आपल्याच आतल्या महारवाड्यातल्या पोराला समोर बसवतो आणि म्हणतो, बोल, मी ऐकतो. ज्याला बाहेर कान सापडत नाही, त्याने लिहिता लिहिता स्वतःच कान व्हावे, असा हा मार्ग आहे.

तुम्ही म्हणाल, या लेखकांच्या गोष्टी झाल्या. साध्या माणसाने लिहिले तर काही फरक पडतो का? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी एका सहकाऱ्याबरोबर याचा प्रयोग केला आणि तो १९८६ साली प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. लिहून झाल्या झाल्या मुलांचे मन हलके झाले नाही. उलट जड झाले. पण घडले काय आणि त्या वेळी वाटले काय, हे दोन्ही ज्यांनी लिहिले, त्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. पुढे असे अनेक प्रयोग झाले. त्यांतून इतके दिसते की लिहिण्याचा गुण येतो, पण तो बेताचा असतो, आणि सगळ्यांना सारखा येत नाही.

ही मर्यादा मी मुद्दाम सांगतो. पुस्तकाला औषधाची बाटली समजू नये. ज्यांच्या 'श्यामची आई'ने लाखो वाचकांना धीर दिला, त्या साने गुरुजींनीच १९५० च्या जून महिन्यात स्वतःची जीवनयात्रा संपवली. इतके लिहिणारा, इतके प्रेम करणारा आणि इतक्यांचा लाडका माणूस, पण त्याच्या आतले दुखणे लेखणीला पुरून उरले. म्हणून कोणी रात्र रात्र झोपत नसेल, अन्न टाकले असेल, जगण्यात राम नाही असे बोलू लागला असेल, तर त्याच्या हाती पुस्तक ठेवून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते. हाड मोडले तर वैदू-डॉक्टर करायला आपण लाजत नाही. मन मोडल्यावर तरी का लाजावे?

आता शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. वर्गात असा उतारा वाचताना एखादे मूल मान खाली घालते, एखादे उगाच हसते. त्याला तिथल्या तिथे उभे करून "काय झाले?" असे विचारू नका. चारचौघांत जखम उघडी करणे म्हणजे तिच्यावर मीठ चोळणे. उतारा सावकाश वाचा. संपल्यावर क्षणभर गप्प राहा. तात्पर्य विचारू नका. ज्याला वाटेल त्याने वहीत लिहावे, आणि ती वही मागू नका. मधल्या सुट्टीत मात्र दाराशी थोडे रेंगाळा. ज्याला बोलायचे असते ते मूल पाणी पिण्याच्या निमित्ताने दोनदा तुमच्या बाजूने जाते.

आणि खेड्यातल्या माझ्या श्रोत्यांना विनंती अशी, की गावच्या वाचनालयात यांतले एखादे पुस्तक असेलच. नसेल तर मागवा. ते एकट्याने वाचण्याऐवजी, दिवेलागणीनंतर पारावर किंवा ओसरीवर, वाचता येणाऱ्याने मोठ्याने वाचावे. रोज पाच-सहा पाने पुरेत. जाते गेले, पण जात्यापाशी बसणारी माणसे आपण अजून आहोत. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण खरी आहे. पण वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही त्या जळण्याची धग थोडी लागते. तेवढ्या धगीने कुणी शेजारी उठून त्या घरी जाऊन बसला, तरी पुस्तकाने आपले काम केले असे मी समजेन.