होल्डर खराब, ठपका मात्र कामगारावर



लखनौच्या सरोजिनी नगरात 1972 साली 'स्कूटर्स इंडिया' हा सरकारी कारखाना स्थापन झाला. इटलीच्या इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री येथे आणण्यात आली. 1997 मध्ये स्कूटरचे उत्पादन थांबले आणि 2021 मध्ये केंद्र सरकारने कारखाना बंद करण्यास मंजुरी दिली. मशीन परदेशातून विकत आणता येते. पण त्यावर अचूक काम निघते ते कामगाराच्या हातून. इंजिनाच्या कवचाची कड असो की रेल्वेच्या वर्कशॉपमधला एखादा सुटा भाग, मिलिंगचा नियम एकच आहे.

मशीनचा स्पिंडल आणि कापणारा कटर यांच्यामध्ये असतो टूल होल्डर. लाखोंच्या मशीनवर ही लहानशी वस्तू बदलायला व्यवस्थापन टाळाटाळ करते. मग काम रिजेक्ट झाले, कटर मोडला, की ठपका येतो कामगारावर. टपाल खात्यातील बंधूंना हे नवे नाही. काटा चुकीचा असला तरी जाब काउंटरवरच्या माणसालाच विचारला जातो.

निवड करताना काय पाहावे? पहिले, टेपर. 40 किंवा 50 नंबरचे होल्डर बहुधा 7:24 टेपरचे असतात, म्हणजे 24 मिलिमीटर लांबीत व्यास 7 मिलिमीटरने कमी होतो. नंबर जुळला म्हणजे सर्व जुळले असे नाही. पुल स्टडही त्याच मशीनचा हवा. दुसरे, काम. जड कापासाठी बाजूच्या स्क्रूने आवळणारा होल्डर, बारीक कामासाठी कोलेट. तिसरे, लांबी. कटर बाहेर दुप्पट काढला तर तेवढ्याच जोराला तो आठपट वाकतो. म्हणून गरजेपुरताच बाहेर ठेवावा.

निगा तर रोजचीच. होल्डर बसवण्यापूर्वी टेपर व स्पिंडल स्वच्छ कापडाने पुसा. मध्ये अडकलेला एक बारीकसा कीस कटरची फिरकी बिघडवतो. कोलेट आधी नटात 'टक्' बसवावे, मग कटर घालावा आणि त्यानंतरच नट होल्डरवर चढवावा. टेपरवर तांबूस डाग किंवा ओरखडे दिसले, कोलेटला भेग दिसली, तर तो नग बाजूला काढा. डायल लावून फिरकी तपासा. चार दात्यांचा कटर 0.02 मिलिमीटरने हलला तरी एका दात्यावर जादा भार पडतो आणि तोच आधी झिजतो.

बंधूंनो, आमचे सांगणे एवढेच की तपासणी केली की ती वहीत लिहा. तारीख, होल्डरचा नंबर, डायलचे माप. बाद झालेल्या नगाची मागणी लेखी द्या आणि तिची प्रत युनियनकडे ठेवा. वेगाने फिरणारा कटर निसटला तर तो प्रथम माणसाला लागतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ उत्पादनाचा नसून सुरक्षिततेचा आहे. चौकशीच्या टेबलावर तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. वहीतल्या आकड्याला मात्र उत्तर द्यावे लागते.