चोरकिल्ली वाटावी का?



आपल्यात निम्मे संगणकवाले, म्हणून थेटच विचारतो. दुसऱ्याच्या संगणकात शिरायच्या वाटा शोधणारं सॉफ्टवेअर इंटरनेटवर अनोळखी लोकांना फुकट द्यावं का?

१९९५च्या एप्रिलमध्ये डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा यांनी ‘सॅटन’ दिलं. केवढा गहजब झाला! नावच सैतानाचं! पण ते भगदाड दाखवायचं आणि बुजवायचं कसं तेही सांगायचं. आभाळ काही कोसळलं नाही.

२०१६च्या सप्टेंबरअखेर ‘मिराई’चा कोड असाच उघड्यावर टाकला गेला. कंपनीने दिलेला पासवर्ड ज्यांनी बदललेला नाही अशा कॅमेऱ्यांत, राउटरांत तो शिरायचा. मालकांना पत्ताच नसायचा. २१ ऑक्टोबरला त्याच मिराईने ‘डाइन’ कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत अनेकांचं ट्विटर, नेटफ्लिक्स ठप्प झालं.

ज्ञान दडवू नये, हे मला मान्य. दडवल्यानं चोर थांबत नाहीत. पण आधी बनवणाऱ्याला कळवावं, दुरुस्तीला वेळ द्यावा, मग खुशाल वाटावं. जे फक्त घरफोडीच्याच कामाचं, ते वाटूच नये.

आपली मुलं आज एका क्लिकसरशी आपला प्रोग्रॅम जगाला देतात. ‘आधी कुणाच्या हाती पडेल, घरमालकाच्या की चोराच्या?’ एवढं विचारायला त्यांना शिकवू या.