रक्ताचे नाते आणि रक्ताची तपासणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी म्हटले, "मला भाषण येत नाही. सारा जन्म मी प्रयोगशाळेत काचनळ्या हलवल्या." त्या म्हणाल्या, "मग त्या नळ्यांविषयीच सांगा." म्हणून आज रक्तगटाविषयी बोलते, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही.

आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या वरच्या अंगाला एक कुटुंब आहे. नाव-गाव सांगत नाही. नवऱ्याने मामाची मुलगी केलेली. आपल्या जुन्नर-आंबेगावकडे असे संबंध पूर्वापार होत आले आहेत. नवऱ्याचा रक्तगट 'एबी'. शाळेत तपासणी झाली, तेव्हा मुलगा आणि मुलगी दोघांचाही गट 'ओ' आला. घरातला शिकलेला पुतण्या म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय, एबी बापाला ओ मूल होत नाही." झाले! घरात कुजबूज सुरू झाली. सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. पण तिनेही बोलणे टाकले.

ती बाई कागद घेऊन माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही रक्त तपासता. असं होऊ शकतं का हो?" मी कागद पाहिले आणि म्हटले, "सहसा होत नाही." एवढे बोलून मी गप्प बसले. पुन्हा तपासू, असेदेखील म्हटले नाही. ती उठून गेली. तिची पाठ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

दोन वर्षांनी मुलीवर शस्त्रक्रिया करायची ठरली. रक्त तयार ठेवायचे म्हणून 'ओ' गटाच्या पिशव्या आणल्या. देण्यापूर्वी रुग्णाचे आणि दात्याचे रक्त जुळते का, ते पाहतात. त्याला आम्ही क्रॉसमॅच म्हणतो. एक पिशवी जुळेना, दुसरी जुळेना, तिसरीही नाही. प्रत्येक वेळी नळीत गुठळ्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नमुना मुंबईला पाठवला. उत्तर आले: मुलीचा गट 'ओ' नव्हेच, तो 'बॉम्बे' गट आहे.

हा काय प्रकार, ते घरगुती भाषेत सांगते. आपल्या तांबड्या पेशीच्या आवरणावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी एक खुंटी असते, तिला शास्त्रज्ञ 'एच' म्हणतात. त्या खुंटीवर एक प्रकारची साखर अडकवली की गट 'ए', दुसरी अडकवली की 'बी', दोन्ही असल्या की 'एबी'. काहीच अडकवले नाही की 'ओ'. बॉम्बे गटात मुळात खुंटीच नसते. बापाकडून 'ए' किंवा 'बी' अडकवण्याची विद्या मुलाला मिळालेली असते. पण अडकवणार कशावर? नेहमीच्या तपासणीत रिकामी खुंटी आणि खुंटी नसणे दोन्ही सारखेच दिसते, म्हणून कागदावर 'ओ' पडतो.

पण शरीराला फरक कळतो. आपल्या अंगातले संरक्षक दल घरच्याला ओळखते आणि परक्यावर धावून जाते. ज्याने ही खुंटी कधी पाहिलीच नाही, त्याच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार असतात. 'ओ' रक्तात तर मोकळ्या खुंट्याच खुंट्या! ते रक्त सर्वांना चालते असे आपण म्हणतो. या माणसांच्या मात्र ते जिवावर बेतते.

हा शोध आपल्या मुंबईतला. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना तीन माणसांत असे रक्त आढळले, आणि १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. त्या लेखावर इंग्लंडातल्या सहकाऱ्यांचीही नावे आहेत, आणि त्यांत दोन स्त्रिया आहेत: रूथ सँगर आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. रक्तगट म्हणजे साखरेच्या साखळ्यांतला फरक, हे उलगडण्यात वॉटकिन्सबाईंचा मोठा वाटा आहे. पुढे १९५७ साली मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र निघाले. तीच संस्था आज परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय संस्था म्हणून काम करते. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, असे मानतात. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही तो उणा वारसा आला तरच मूल असे होते. म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याचा संभव वाढतो.

नीट ऐका, भगिनींनो: दोघांकडूनही. ज्या कागदावरून त्या बाईवर संशय घेतला, त्यातला अर्धा वारसा बापाचाच होता!

भावाचे रक्त तपासले, तोही त्याच गटाचा निघाला. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचे रक्त तयार ठेवले. सुदैवाने द्यावे लागले नाही. मुलगी बरी झाली. त्यानंतर मी स्वतः त्यांच्या घरी गेले आणि आत्याबाईंसमोर सगळे उलगडून सांगितले. म्हातारी बराच वेळ बोलली नाही. मग सुनेला म्हणाली, "ताईंना चहा टाक. तुलाही घे." त्या घरात याहून मोठी क्षमा मागितली गेली नसती. माझी क्षमा मी निघताना ओट्यावर मागितली. ती म्हणाली, "तुम्ही दोन वर्षं आधी आला असतात तर!" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगून पुरे करते. रक्तगटाच्या कागदावरून कोणत्याही बाईच्या चारित्र्याचा निवाडा करू नका. कागद चुकतो, तपासणी अपुरी पडते, आणि निसर्ग पुस्तकाबाहेरही वागतो. दुसरे, "सख्ख्या भावाचं रक्त आहे, तपासायला कशाला वेळ घालवता?" असे दवाखान्यात म्हणू नका. रक्त नात्याने जुळत नाही, तपासणीने जुळते. आणि तिसरे, अंगात पुरेसे रक्त असेल, डॉक्टर हो म्हणतील, तर रक्तदान करा. बाळंतपणात अडलेली बाई कुणाची तरी वाट पाहत असते.