पॉइंट गार्डची नोकरी

(नजमा येथे मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



क्रिकेटवर बोला म्हटलं असतं तर या हॉलमधल्या प्रत्येकाने माईक मागितला असता. बास्केटबॉलचं नाव निघालं आणि तो आमच्या हातात आला! पण विषय हौसेचा नाही, गरजेचा आहे. नजम्यातल्या आपल्या बिल्डिंगांमधली पोरं शाळेतून हा खेळ शिकून येतात आणि जेवताना जाहीर करतात, "बाबा, मला पॉइंट गार्ड व्हायचंय." बाबांना दोन प्रश्न पडतात. म्हणजे काय? आणि त्यात पोट भरतं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. संघात पाच जण. त्यातला चेंडू पुढे नेणारा आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवणारा तो पॉइंट गार्ड. आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची, चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू जायलाच हवा. लग्नाच्या पंगतीत एक काका असतात बघा, स्वतः जेवायला बसत नाहीत, पण कुणाच्या पानात काय कमी आहे ते त्यांना न विचारता दिसतं. तसं हे काम.

उंचीची काळजी नको. रिंग ३.०५ मीटरवर असते खरी, पण मगसी बोग्स नावाचा गार्ड अवघा पाच फूट तीन इंच होता आणि १९८७ ते २००१ अमेरिकेच्या एनबीएत खेळला. आपल्यातली बरीच मंडळी त्याच्याहून उंच आहेत!

आता कारकीर्द म्हणजे काय ते बघायचं तर जॉन स्टॉकटन बघावा. १९८४ ते २००३, एकोणीस हंगाम, एकच संघ – यूटा जाझ. १५,८०६ असिस्ट, म्हणजे इतक्या वेळा याने चेंडू दिला आणि दुसऱ्याने बास्केट केली. आजही तो विक्रम त्याच्याच नावावर आहे. आम्हाला मात्र दुसराच आकडा जास्त आवडतो. त्या एकोणीस वर्षांत संघाचे १,५२६ साखळी सामने झाले, त्यातले १,५०४ तो खेळला. फक्त बावीस चुकले. आपल्यापैकी कितीजणांची ऑफिसातली हजेरी अशी आहे? आणि इतकं करून विजेतेपद एकदाही नाही. १९९७ आणि १९९८, दोन्ही अंतिम लढतींत जॉर्डनचा शिकागो आडवा आला.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि तिथे गोड बोलून चालणार नाही. आपल्याकडे या खेळाची परंपरा नाही असं नाही. मुंबईत नागपाडा आहे, माटुंग्याचा इंडियन जिमखाना आहे, पुण्यात डेक्कन जिमखाना आहे. नागपाड्याचे अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पण पगार? तो देतात रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक. खेळाडूच्या कोट्यातून नोकरी मिळते आणि नोकरी खेळाला सांभाळते. पुण्याची शिरीन लिमये, भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली गार्ड, तीही रेल्वेच्या संघातून खेळली.

व्यावसायिक लीगचे प्रयत्न झाले. २०१५ मध्ये यूबीए आली, त्यात चक्क 'पुणे पेशवाज' नावाचा संघ होता. नाव ऐकून छाती फुगली, पण २०१७ नंतर ती लीग पुढे गेली नाही. २०२२-२३ मध्ये आयएनबीएल आली, तिच्यात मुंबई टायटन्स. म्हणजे दार उघडतं, मिटतं, परत उघडतं. त्या दारावर घर चालवायचं की नाही, हे आई-बापाने मुलासमोर बसून, आकडे मांडून बोलायला हवं. "अभ्यास कर आधी" एवढंच म्हणून विषय मिटवणं आम्हाला पटत नाही. कारण नोकरीच्या वाटेलाही पदवी लागतेच, आणि पोराला हे कळलं की तो स्वतःहून पुस्तक उघडतो, असा आमचा अनुभव.

आपण राहतो त्या गावाचं थोडं. २०१३ साली आशियाई थ्री बाय थ्री स्पर्धा याच दोह्यात झाली आणि सुवर्णपदक जिंकलं भारताच्या मुलींनी. किती जणांना ठाऊक होतं? पुढच्याच वर्षी मॉस्कोला कतारचे पुरुष त्याच प्रकारात जगज्जेते झाले. आणि २०२७ चा बास्केटबॉल विश्वचषक दोह्याला दिलेला आहे, सगळे सामने इथेच. ऑगस्टअखेर सुरू होतो, तेव्हा सुट्टीवरून परतायची तिकिटं जरा बघून काढा.

मुलांना घेऊन जा. आणि एकदा तरी पाच मिनिटं रिंगकडे न बघता फक्त चेंडू आणणाऱ्यावर नजर ठेवा. तो बोटांनी काहीतरी खूण करेल, मान उजवीकडे वळवेल आणि चेंडू डावीकडे देईल. शेजारी बसलेला तुमचा मुलगा किंवा मुलगी तुमच्या आधी ओरडली, तर घरी आल्यावर बोलायला बसा.