हिमकण बघायला जाताना

सांगलीजवळच्या माधवनगरचा आणि बर्फाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. खरं आहे. आपल्याकडे थंडी पडली की हुरडा आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावावर हिमकण दिसल्याची बातमी आली, की आपल्याकडूनही गाड्या महाबळेश्वरला निघतात. ऊन वर आलं की हिमकण उरत नाहीत, म्हणून निघायचं मध्यरात्रीनंतर. म्हणजे आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा करत मेढ्यापुढचा केळघर घाट लागतो तो नेमका पहाटे, चालकाचे डोळे मिटायला लागतात तेव्हा.

वर महाबळेश्वरला हवा शून्याच्या चार-पाच अंश वर असली तरी दव गोठतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की गवत, स्ट्रॉबेरीची पानं, जीपचा टप रात्रभर आपली उष्णता आभाळाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेहून गार होतात. डांबर दिवसाचं ऊन मुरवून ठेवतं, त्यामुळे रस्त्यावर सहसा बर्फ धरत नाही.

मग भीती कशाची? दवाने भिजलेल्या धुळीची, धुक्याची आणि उताराची. खऱ्या बर्फाचा धडा मनालीकडून घ्यावा. डिसेंबर २०२४ मध्ये मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फामुळे शेकडो गाड्या अडकल्या. बर्फावर चाक जाम झालं की स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो, म्हणून तिथला मुरलेला चालक जोरात ब्रेक दाबत नाही. केळघरला चाकांना साखळ्या बांधायची गरज नाही, पण ही सवय जरूर उचलावी. वेग वळणात नाही, वळणाच्या आधीच उतरवायचा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरायचं. सारखा ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापतात आणि ब्रेक धरेनासा होतो. घाटातल्या कित्येक ‘ब्रेक फेल’चं मूळ हेच.

आणि उतारावर न्यूट्रल करून इंधन वाचवणारे आपले हुशार लोक! आजच्या बहुतेक गाड्यांत गिअर तसाच ठेवून एक्सिलरेटर सोडला, की इंजिनाचं इंधन बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जाळावंच लागतं. इंजिनच बंद केलं, तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग, दोन्हींची मदत जाते. याला काटकसर म्हणत नाहीत, अडाणीपणा म्हणतात. आणखी एक, अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्यातलाच नियम आहे. उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं, हॉर्न वाजवत घुसायचं नाही.

खरं सांगायचं तर घाटापेक्षा मला आष्ट्याच्या रस्त्याचा धाक जास्त. साखर कारखान्यांचा हंगाम आणि कृष्णाकाठचं धुकं एकाच वेळी येतात. धुक्यात अप्पर लावला तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. डिपरवरच चालवावं लागतं. अशात पुढे दोन ट्रॉल्यांचा ऊस, मागे दिवा नाही, आणि शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल रस्त्यावर पसरलेला. हा चिखल दवाने भिजला की बर्फासारखाच दगा देतो.

तेव्हा हिमकण बघायचेच असतील, तर आदल्या दिवशी उजेडात घाट चढा आणि वर मुक्काम करा. आणि ट्रॅक्टरमालकांनो, आज ऊस भरून निघण्याआधी मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा.