तपकिरी चरबी आणि मेंदूचे आजार



नवजात बाळाला कुडकुडून अंगात ऊब आणणं नीट जमत नाही. ती ऊब त्याला देते पाठीवर, मानेभोवती आणि मूत्रपिंडांपाशी असलेली तपकिरी चरबी. पोटावर सुटणारी पांढरी चरबी ऊर्जा साठवते. तपकिरी चरबी मात्र ती जाळते. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रियांची दाटी असते आणि त्यांतल्या लोहामुळे तिला हा रंग येतो. थंडी लागल्याचं मेंदूला कळलं, की त्याचा निरोप मज्जातंतूंमार्फत तिथे पोहोचतो. मग ‘यूसीपी-१’ हे प्रथिन कामाला लागतं आणि जळणाऱ्या इंधनाची थेट उष्णता होते.

मोठेपणी ही चरबी उरतच नाही, असा बरीच वर्षं समज होता. २००९ साली अमेरिका, नेदरलँड्स आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी प्रौढांच्या मानेत आणि खांद्यांच्या वरच्या बाजूला ती काम करत असल्याचं स्कॅनवर दाखवलं. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ५२ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ही चरबी दिसलेल्यांत टाइप-२ मधुमेह ४.६ टक्के जणांना होता, न दिसलेल्यांत ९.५ टक्के. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

आता मेंदूकडे वळू. हंटिंग्टन हा आनुवंशिक आजार. त्यात हातपाय आपोआप हलत राहतात, बुद्धी मंदावते. आणि पुरेसं खाऊनही अनेकांचं वजन घटतं. या आजाराचं जनुक असलेल्या उंदरांवरचं संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं. ते उंदीर थंडीत गारठत होते, कारण त्यांची तपकिरी चरबी पेटतच नव्हती. ‘पीजीसी-१ अल्फा’ या नियंत्रक प्रथिनाचं काम बिघडलं होतं, आणि मेंदूच्या पेशींचा ऊर्जापुरवठाही याच प्रथिनावर अवलंबून असतो. दुसऱ्या एका प्रयोगात अल्झायमरसदृश आजार असलेल्या उंदरांना कॅनडात वारंवार थंडीत ठेवलं, तेव्हा त्यांचं तापमान-नियंत्रण सुधारलं.

उंदरांवरचे हे निष्कर्ष म्हणजे माणसांसाठी उपचार नव्हेत. म्हाताऱ्या माणसांना गार पाण्याने आंघोळ घालण्याचे प्रयोग कृपा करून घरी करू नका. थंडी त्यांना घातक ठरू शकते.

मात्र मेंदूचा आजार फक्त मेंदूपुरता नसतो, हे यातून पुढे येतं. म्हणून घरात असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना त्याच्या विसराळूपणाबरोबर त्याचं घटतं वजन, भूक आणि सतत वाजणारी थंडीही सांगा. ती माहितीही तितकीच मोलाची आहे.