पायथन शिकताना पडणारे पहिले प्रश्न

मेळघाटातील सिपना नदीकाठच्या सेमाडोह येथे दोन दिवसांत अनुक्रमे ४० आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला असे मानून त्याची बेरीज पायथन या संगणकभाषेत करू पाहणाऱ्या नवशिक्याला ६५ ऐवजी ४०२५ असे उत्तर मिळाले, तर दोष संगणकाचा नसतो. कारण ‘इनपुट’ या आज्ञेने कळफलकावरून घेतलेली प्रत्येक नोंद पायथन ‘स्ट्रिंग’, म्हणजे अक्षरांची माळ, म्हणून ठेवते आणि अधिकचे चिन्ह दोन माळा केवळ एकापुढे एक जोडते. ‘इंट’ या आज्ञेने नोंदीचे पूर्णांकात रूपांतर केले की बेरीज बरोबर येते. दशांश असल्यास ‘फ्लोट’ वापरावे लागते. नवलाची बाब अशी की ‘इंट’ला देवनागरी अंकांची नोंदही समजते, मात्र आज्ञावलीत थेट लिहिलेला देवनागरी अंक पायथन नाकारते, उलट २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलाला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला, ‘पाऊस’ असे देवनागरी नाव देता येते.

गिदो व्हान रोसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत ओळीच्या आरंभीची मोकळी जागा शोभेची नसून कोणत्या ओळी एका गटातल्या हे तीच ठरवते, त्यामुळे एक जागा कमीअधिक झाली तरी आज्ञावली अडते. अशा वेळी चूक दाखवणाऱ्या संदेशाची शेवटची ओळ आधी वाचावी, ही सवय कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक उपयोगी ठरते. पुढील अभ्यासासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे ध्वनिचित्रपाठ एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटविना पाहता येतात आणि त्यांत पायथनचाही समावेश आहे.